पोटखराब्याचें उत्पन्न

सात-बाराच्या उताऱ्यावर पोटखराबा या नांवाचा एक रकाना असतो. ज्या जमिनींत नांगर चालत नाहीं, म्हणजे खडक, नाला, खळ्याची जागा, वाट, ती या रकान्यांत जाते व तिच्यावर आकार बसत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून उमेदीचीं वर्षें घालविलीं. त्या अवधींत हा रकाना किती वेळां नकलून काढिला असेल याची गणती नाहीं. खातेदार उतारा हातीं घेतो, लागवडीचें क्षेत्र पाहतो, बोजा पाहतो, आणि पोटखराब्यावरून त्याची नजर तशीच पुढें जाते. सरकार ज्यावर आकार घेत नाहीं त्यांत पाहावयाचें तें काय, असा त्याचा हिशेब असतो.

आमचें म्हणणें याच्या उलट आहे. घरांतील मुलांस आपल्या जमिनीची ओळख करून देण्यास या पोटखराब्याइतकी चांगली शाळा दुसरी नाहीं. त्या शाळेंत जाण्याची रीतहि सोपी आहे. सर्व कुटुंबानें मिळून आपल्या शिवाराची फेरी करावी. बांधावर, ओढ्याकांठीं, माळावर जें गळून पडलें असेल तें पान, शेंग, बीं, काटकी, गोटा, चिमूटभर माती वेंचून आणावी. आणि घरीं अंगणांत बसून त्यांतून प्रत्येकानें आपल्या हातानें कांहीं तरी घडवावें. गोष्ट दिसावयास लहान आहे, पण तिची उपेक्षा करूं नये अशी वाचकांस विनंती आहे.

ही सूचना आम्ही केवळ करमणूक म्हणून करीत नाहीं. कृषिगणनेचे आंकडे पाहा. १९७०-७१ सालीं महाराष्ट्रांत एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेंत ती १.३४ हेक्टरांवर आली. जमीन वांटून लहान होते हें सर्वांस दिसतें. परंतु जमिनीची माहिती वांटली जात नाहीं. ती जाणत्या माणसाबरोबर निघून जाते, आणि तिची नोंद कोणत्याहि नमुन्यांत सांपडत नाहीं.

कचेरींत वारसनोंदीच्या कामीं येणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. बाप वारल्यावर शहरांतून मुलगे येत. गट नंबर त्यांस तोंडपाठ असे, चालू बाजारभाव तर त्याहून अधिक पाठ असे. परंतु पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, विहिरींत हिस्सा किती, गाडीची वाट कोणत्या बांधावरून, असें विचारिलें कीं ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. अशा घरांत मोजणीची खूण कोठें होती हें सांगणारा पुढें कोणी उरत नाहीं. शेजाऱ्यानें बांध दोन हात सरकविला तरी तें उमगत नाहीं, आणि उमगलें तरी पुरावा काय द्यावा हें कळत नाहीं.

मुलींची गोष्ट याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतः हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व पुढें सर्व देशाकरितां संसदेनें २००५ सालीं कायद्यानें दिला. तरीहि बहिणी येतात, हक्कसोडपत्रावर सही करितात आणि त्याच गाडीनें परत जातात. त्यांपैकीं कित्येकींनीं तो गट लहानपणीं एकदांहि पुरता फिरून पाहिलेला नसतो. हक्क ठेवावा कीं सोडावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यांत आम्ही बोलूं इच्छीत नाहीं. पण आपण काय सोडीत आहों हें पाहिल्यावांचून सही होऊं नये, इतकें म्हणण्याचा अधिकार ते कागद वर्षानुवर्षें हाताळल्यामुळें आम्हांस आहे असें वाटतें. सुनेचेंहि तसेंच. ती ज्या घरांत आयुष्य काढणार त्या घरची चतुःसीमा तिला कोणी दाखवीत नाहीं. ती दिसते तेवढी कामाच्या दिवशीं, खुरप्याच्या टोंकापुढची.

यावर कोणी म्हणेल कीं शेतकऱ्याच्या पोरांस रान दाखविण्याची गरज काय? तीं रानांतच वाढलीं. या म्हणण्यांत दोन चुका आहेत. पहिली ही कीं, आतांचीं मुलें रानांत वाढत नाहींत. सकाळीं शाळेची गाडी दारांत येते, संध्याकाळीं शिकवणी असते, आणि सुट्टीच्या दिवशीं मूल शेतावर गेलें तरी मोटारसायकलवर मागें बसून विहिरीपर्यंत जातें व मोटार सुरू करून परत येतें. दुसरी चूक अशी कीं, कामाला गेलेला डोळा कामच पाहतो. पाणी द्यावयास गेलेला माणूस बारें पाहतो, फवारणीस गेलेला पंप पाहतो. वीस वर्षें एकाच बांधावरून येजा करणाऱ्या गृहस्थास त्या बांधावरच्या झाडांचीं नांवें विचारावीं, म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीति येईल. कांहीं वेंचावयाचें आहे व त्याचें कांहीं करावयाचें आहे असें मनांत धरून चालणारा माणूस मात्र खालीं पाहतो, थांबतो, हातांत घेतो, उलटून पाहतो.

ही कल्पना कोठून तरी उसनी आणिली आहे असेंहि नाहीं. लातूर, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांत मार्गशीर्षांत वेळा अमावस्या पाळतात. त्या दिवशीं घरांतील लहानथोर, पै-पाहुणा, सगळे शेतांत जातात व गांवें ओस पडतात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करितात, तींत पांच पांडव म्हणून दगड मांडून त्यांची पूजा करितात, आणि भज्जी, उंडे व आंबील यांचें जेवण रानांतच होतें. येणाऱ्या जाणाऱ्यासहि आग्रहानें बसवितात. धाटांची कोप आणि वेंचून आणलेले दगड यांपलीकडे त्या देवघरास कांहीं लागत नाहीं. कोंकणांत नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचीं पानें, झेंडू व कुर्डूचीं फुलें यांचें तोरण दारावर चढतें. आश्विनांत घट बसवितांना आपल्या शेतांतील माती आणून तींत धान्य पेरितात. पोळ्यास व बेंदरास मातीचे बैल होतात. आमच्या वयाच्या माणसांनीं जोंधळ्याच्या धाटाची साल व आंतील भेंड यांच्या गाड्या केल्या, कोंब फुटलेल्या आंब्याच्या कोयीची पुंगी घासून वाजविली आणि सागरगोट्यांनीं दुपारी घालविल्या.

आतां पोळ्याचा बैल बाजारांतून रंगविलेला येतो आणि तोरण प्लास्टिकचें येतें. तें धुवून पुढच्या वर्षीं पुन्हां लावतां येतें, म्हणून गृहिणीस सोयीचें वाटतें. सोय आम्हांस नको आहे असें नाहीं. परंतु लोंब्यांचें तोरण करण्यासाठीं कोणी तरी शेतांत जाऊन कोणती लोंबी भरली व कोणती पोंचट राहिली हें पाहत असे. तोरण बाजारांतून येऊं लागलें तेव्हां तें पाहणें बंद पडलें. तोटा झाला तो येथें.

हातानें घडविण्यांत शेतीचें शिक्षण कसें होतें हें एका उदाहरणानें सांगतों. काळ्या मातीचा बैल करावयास बसा. भारी काळी माती ओली असतां मेणासारखी वळते व तिची लांब वळी न तुटतां निघते. पण बैल उन्हांत वाळला कीं पाठीला भेगा पडतात व शिंग गळून येतें. माळावरच्या मुरमाड मातीची वळीच निघत नाहीं, ती बोटांतून सुटते. मूल विचारतें, असें कां? काळ्या मातींत चिकण कण फार. ती पाणी पिऊन फुगते व वाळतांना आकसते. उन्हाळ्यांत वावरास पडणारी भेग आणि बैलाच्या पाठीची भेग एकाच कारणानें पडते. मग आजी सांगते, मातींत थोडा भुसा व शेण कालव. भेगा कमी होतात. काळ्या रानांत ओल फार दिवस कां टिकते, माळाचें रान लवकर कां वाळतें, हें ज्यास बोटांनीं कळलें त्यास तें पुस्तकांतून पाठ करावें लागत नाहीं.

दुसरें उदाहरण रंगांचें. एकाच गटाच्या चार कोपऱ्यांची माती चार द्रोणांत आणावी. ती वाळवून, कुटून, फडक्यांतून गाळावी. बाभळीचा डिंक पाण्यांत विरघळवून त्यांत ती माती कालविली कीं उत्तम रंग होतो. चार द्रोणांचे चार रंग होतात. काळा, करडा, तांबूस, पिवळसर. कोणी मूल पांचवा पांढरट रंग घेऊन आलें तर बापानें चित्र बाजूस ठेवून तो कोपरा आधीं जाऊन पाहावा. कालव्याखालीं अतिपाण्यानें क्षार वर येऊं लागले कीं जमिनीवर असाच पांढरा थर धरतो, आणि तो जितका लवकर दिसेल तितका चर काढून पाण्यास वाट करून देण्याचा उपाय सोपा जातो. त्या कोपऱ्याची माती माती-परीक्षणास पाठविण्याची बुद्धि रंगाच्या द्रोणावरून झाली तर तीहि चित्रकलेचीच कमाई म्हणावी.

पानांचेंहि तसेंच आहे. पिंपळाचें गळलेलें पान कांहीं आठवडे पाण्यांत ठेविलें म्हणजे हिरवा भाग कुजतो; मग हलक्या हातानें धुतलें कीं शिरांची जाळी मोकळी होते. मधला मोठा पाट, त्याच्या चाऱ्या, चाऱ्यांचे दांड, अशी पाण्याची वांटणी मूल त्या जाळींत पाहतें. एकदां पानाच्या नक्षीचा नाद लागला कीं तें उभ्या पिकाचें पानहि न्याहाळूं लागतें. खालचें जुनें पान आधीं पिवळें पडलें तर बहुधा नत्राची उणीव. वरचें कोवळें पान पिवळें पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोहाची. २०१८ सालीं आपल्या देशांत प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यांत शिरते व उलगडलेल्या पानांवर छिद्रांच्या रांगा दिसतात. अशी 'नक्षी' पहिल्यानें घरांतील लहान मुलीनें पाहिली आणि बापास हांक मारिली, तर पुढचें नुकसान किती वांचेल याचा विचार वाचकांनींच करावा.

कपाशीचें रिकामें बोंड वाळल्यावर फुलासारखें उमलून राहतें. मुलें त्याचीं फुलें करून काटकीस लावितात. तें हातांत घेऊन कप्पे मोजावयास सांगावें. अमेरिकन जातीच्या बोंडास बहुधा चार-पांच कप्पे असतात, देशी कपाशीच्या बोंडास तीन-चार. मग देशी कपाशी आपल्या रानांत केव्हां होती, ती कां गेली, बी. टी. वाणांस २००२ सालीं परवानगी मिळाल्यावर काय बदललें, हें आजोबांनीं सांगावें. बोंड हातांत असलें कीं ही हकीकत मूल ऐकून घेतें. नुसतीच सांगूं लागलों तर तें उठून जातें, हा सर्वांचा अनुभव आहे.

पडलेल्या वस्तूंतून कांहीं घडविणें हा पोरखेळ आहे असें ज्यांस वाटतें त्यांच्यासाठीं दोन थोर माणसांचीं उदाहरणें देतों. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं, आज पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसरी पद्धतीचीं विकतचीं साधनें खेड्यास परवडण्याजोगीं नव्हतीं, म्हणून त्यांनीं पानें, फुलें, बिया, गोटे, शिंपले यांतून बालवाडीचीं साधनें उभीं केलीं. जीं मुलें गुरें राखावयास जात असल्यामुळें शाळेंत येऊं शकत नव्हतीं त्यांच्यासाठीं शाळाच कुरणांत नेली व तिला कुरणशाळा म्हटलें. ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण मिळालें. ज्या वस्तू आपण पायाखालीं तुडवितों त्यांवर एका विदुषीनें शिक्षणाची इमारत रचिली.

दुसरें उदाहरण बंगालचे प्रख्यात चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांचें. उतारवयांत ते वाळक्या काटक्या, मुळ्या व लांकडाचे तुकडे गोळा करून त्यांतून पक्षी, प्राणी व माणसें घडवीत. या खेळण्यांस 'कुटुम-काटाम' असें नांव पडलें. त्यांत कोरीव काम फारसें नसे. तुकड्यांत जो आकार आधींच आहे तो ओळखावयाचा व थोडक्या जोडणीनें तो इतरांस दिसेल असा करावयाचा, एवढीच रीत. हा डोळा आपल्यास परका नाहीं. गांवचा सुतार बाभळीचा वाकडा ओंडा पाहून 'यांत नांगर आहे' म्हणत असे, तो हाच डोळा. लोखंडी अवजारें व ट्रॅक्टर आल्यावर सुतारास त्याची गरज उरली नाहीं. पण जमिनीचा उतार, पाण्याची वाट व पिकाची चाल ओळखण्यास शेतकऱ्यास तो अजून लागतो आणि पुढेंहि लागेल.

आतां फेरीच्या नियमांविषयीं. नियमांवांचून अशा गोष्टीचा विचका होतो.

पहिला नियम, पडलेलें तेवढेंच घ्यावें. झाडाचें पान, डहाळी किंवा उभ्या पिकाचें कणीस तोडूं नये. पिकाकडे पाहावें, तें खुडूं नये. दुसऱ्याच्या बांधांत पाय टाकण्यापूर्वीं त्यास विचारावें, मग तो सख्खा भाऊ कां असेना. हद्दीचा दगड रंगविण्यास, हलविण्यास किंवा घरीं आणण्यास तर साफ मनाई. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणें हद्दीच्या खुणांस धक्का लावणारा दंडास पात्र होतो. आणि दंडापेक्षां त्यांतून उठणारी भाऊबंदकी अधिक महाग पडते. मुलांनीं त्या दगडास हात न लावतां त्याच्याजवळ उभें राहून तो ओळखून ठेवावा.

दुसरा नियम जिवाचा. बिब्ब्याचें तेल अंगास लागलें तर कातडी उतते. खाजकुइलीची लव अंगावर उडाली तर मूल रात्रभर ओरडतें. रुई, शेर यांचा चीक डोळ्यांत जातां कामा नये. कण्हेर व धोतरा विषारी आहेत. गुंज दिसावयास सर्वांत सुंदर. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा हें कोष्टक जुन्या लोकांस ठाऊक आहे व तें मुलांस जरूर सांगावें. पण ती फोडून वा चावून पोटांत गेली तर जिवावर बेततें, म्हणून लहान मुलांच्या हातीं देऊं नये. वारूळ, दगडांचा ढीग, पडकी विहीर यांपासून दूर राहावें. गवतांत अनवाणी जाऊं नये व बिळांत हात घालूं नये. पांखरांचें घरटें व अंडीं जागेवरच असूं द्यावीं.

तिसरा नियम फवारणीचा. ज्या वावरांत नुकतीच फवारणी झाली तेथून पानाचा तुकडाहि आणूं नये, आणि औषधाची रिकामी बाटली कितीहि सुबक असली तरी तिला मुलांचा हात लागूं नये. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले हें आपण विसरलों नाहीं. फेरींत अशा बाटल्या बांधावर पडलेल्या आढळल्या तर घरच्या कर्त्या माणसास मुलांदेखत लाज वाटेल. ती वाटावी असेंच आम्ही म्हणतों. पुढच्या वेळीं बाटली बांधावर राहणार नाहीं.

चौथा नियम परतफेडीचा. केलेल्या वस्तू चार-आठ दिवस ओसरीवर ठेवाव्या, आल्यागेल्यास दाखवाव्या, आणि नंतर पाला-काटक्या खतखड्ड्यांत व माती वावरांत परत न्यावी. चिंचोके, निंबोळ्या, बहाव्याच्या व करंजाच्या बिया पावसाळ्याच्या तोंडीं बांधावर पुरून टाकाव्या. दहांतील दोन उगवल्या तरी ज्या मुलानें त्या पुरल्या तो त्या बांधाकडे पुढें परकेपणानें पाहणार नाहीं.

वेळ कोठें आहे, ही तक्रार आम्ही आधींच ऐकिली आहे. वर्षांतून दोन सकाळी पुरे. एक पावसाळा उलगडल्यावर, दुसरी सुगीनंतर. शिवाय १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि जी पाहणी तलाठी करीत असे ती खातेदाराच्या हातीं आली. आपल्या शेतांत स्वतः उभें राहून मोबाईलवर पिकाचा फोटो घेऊन नोंद करणें हें खातेदाराचें काम झालें. हें काम पुष्कळ ठिकाणीं घरचा एखादा शिकलेला पोरगा घाईनें उरकून येतो. त्या दिवशीं एकट्यानें न जातां आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं जावें. फोटो घेऊन झाला कीं मोबाईल खिशांत ठेवावा व बांध धरून चालूं लागावें. परीक्षेच्या वर्षांतील मुलांसहि एका सकाळीनें कांहीं उणें पडत नाहीं.

शेवटीं, या फेरींतून सर्वांत उपयोगी अशी कोणती एक वस्तु करावी असें कोणी विचारील, तर आम्ही सांगूं कीं आपल्या जमिनीचा नकाशा करावा. अंगण सारवून त्यावर राखेनें गटाची आकृति काढावी. ज्या कोपऱ्याची जी माती, ती त्या कोपऱ्यांत पसरावी. बांधाच्या जागीं बारीक गोटे, ओढ्याच्या जागीं ओढ्यांतील वाळू, विहिरीच्या जागीं शिंपला किंवा पाण्यानें भरलेली करवंटी मांडावी. जेथें बाभूळ आहे तेथें बाभळीची शेंग, जेथें लिंब आहे तेथें लिंबाची काडी, जेथें आंबा होता व आतां नाहीं तेथें एक कोय ठेवावी. हद्दीच्या दगडांच्या जागीं सागरगोटे ठेवावे. मग मुलांनीं भोंवतीं उभें राहून पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस व उत्तरेस काय, हें मोठ्यानें सांगावें. चुकलें तर आजोबांनीं दुरुस्त करावें.

त्याच वेळीं प्रत्येक तुकड्याचें घरांतील नांव विचारून घ्यावें. सरकारनें वावरास नंबर दिला, तो आवश्यक आहे. परंतु आपल्या वाडवडिलांनीं त्यास नांव दिलें होतें. कोठें 'टेकाड', कोठें 'आंबराई', कोठें 'पाणथळ', कोठें एखाद्या पणजीच्या नांवाची पट्टी. आंबराईंत आज एकहि आंबा नसेल आणि पाणथळींत पाणी नसेल. तरी तेथें झिरपा होता व खणल्यास पाणी लागण्याचा संभव आहे, ही माहिती त्या एका शब्दांत सांठविलेली असते. तें नांव उताऱ्यावर बहुधा नसतें, मोजणीच्या नकाशावर नाहीं आणि मोबाईलमध्येंहि नाहीं. तें म्हाताऱ्यांच्या तोंडांत आहे. अंगणांतील नकाशा वाऱ्यानें उडून जाईल, शेळी येऊन करवंटी उलथील, त्याची खंत नको. पुढच्या वर्षीं पुन्हां मांडावा. दरवर्षीं मांडतां मांडतां मुलांच्या, मुलींच्या व सुनांच्या ध्यानांत तो राहील, हाच त्याचा हेतु.

आपल्या संघाच्या सभासदांस आमची एवढीच सूचना आहे कीं, येत्या वेळा अमावस्येस, अथवा ज्या भागांत ती पाळीत नाहींत तेथें सुगीनंतरच्या कोणत्याहि सोयीच्या सकाळीं, प्रत्येकानें आपल्या कुटुंबासह ही फेरी करून पाहावी. लग्न होऊन गेलेल्या लेकीबहिणी त्या दिवसांत माहेरीं आल्या असतील तर त्यांस आग्रहानें बरोबर न्यावें. संघाच्या वार्षिक संमेलनांत बियाण्यांच्या व अवजारांच्या प्रदर्शनाशेजारीं अशा वस्तूंस व अंगणांतील नकाशांस एक कोपरा मिळाला तर उत्तम. त्यास बक्षीस ठेवूं नये, कारण बक्षीस लागलें कीं पडलेलें वेंचण्याऐवजीं लोक झाडें ओरबाडूं लागतील.

पोटखराब्यावर आकार बसत नाहीं, आणि या फेरीसहि कांहीं खर्च येत नाहीं. एक दुरडी, एक पाण्याचा तांब्या व घरांतील सर्व माणसें इतकें पुरे आहे. ज्या घरांत म्हातारीं माणसें आहेत त्यांनीं मात्र हें काम पुढील वर्षावर टाकूं नये.